दशमांश: दहा टक्के कशाचे, आणि ते जातात कुठे?

इंदूरच्या विजयनगरहून एका ताईंचा दशमांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवासाठी देण्याच्या ख्रिस्ती रिवाजाबद्दल, प्रश्न आला आहे. त्या सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत नोकरीला आहेत. पगार 46,000, कापून हातात 41,500. नवऱ्याचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान, त्याचं उत्पन्न कधी असं कधी तसं. घराचा हप्ता 15,000. वडील उज्जैनला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यांच्याकडे महिन्याला 9,000 जातात. सासूबाई म्हणतात दशमांश पूर्ण पगारावर काढायचा, म्हणजे 4,600. नवरा म्हणतो हातात येतात त्यावर, 4,150. या साडेचारशे रुपयांवरून घरात तीन रविवार धुसफूस चालली आहे. त्यात त्या शुक्रवारी ज्या प्रार्थनासभेला जातात तिथल्या उपदेशकांनी सांगितलं, की दशमांश न देणारा देवाला लुटतो आणि त्याच्या घरावर शाप राहतो. तेव्हापासून वडिलांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आला की ताईंना वाटतं, हे आपल्यामुळे तर होत नाही ना?

सलाम ताई. शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो. नाही, तुमच्यामुळे होत नाही. मूत्रपिंडं साखरेने जातात, रक्तदाबाने जातात. मुलीने लिफाफा दिला नाही म्हणून जात नाहीत. हे आधी मनातून काढा, मग पुढचं वाचा.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. 31 वर्षं बँकेत काढली आणि त्यातली शेवटची काही धरून आजवर 22 वर्षं इंदूरच्या एका मंडळीचा खजिनदार आहे. घरी मराठी, उपासना हिंदीत, हिशेबाची वही दोन्हींची खिचडी. सेमिनरीत शिकलेलं माझ्याकडे काही नाही. पण दर रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या वेस्ट्री नावाच्या खोलीतल्या टेबलावर अर्पणाची थैली उलटी करून कमिटीच्या दुसऱ्या एका सभासदाबरोबर पैसे मोजायचे, हे मी हजाराहून जास्त वेळा केलंय. तुमच्या उपदेशकांना दशमांश दिसतो तो व्यासपीठावरून. मला तो टेबलावरून दिसतो, आणि तिथून एकच प्रश्न सारखा पडतो, की हे पुढे कुठे जाणार?

हाच प्रश्न घेऊन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं की बरंच काही उलगडतं. अब्रामाने मलकीसदेकाला लुटीचा दहावा भाग दिला (उत्पत्ती 14), याकोबाने बेथेलला दहावा भाग देण्याचा नवस केला (उत्पत्ती 28), हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते एकेकट्याचं देणं झालं. नियम म्हणून दशमांश येतो तो मोशेच्या नियमशास्त्रात, आणि तिथे तो कशावर आहे? धान्य, द्राक्षारस, तेल, झाडाचं फळ, गुरंढोरं. पैशातल्या मजुरीवर नाही. आणि जातो कोणाला? गणना 18 मध्ये लेव्यांना, म्हणजे इस्राएलाच्या लेवी वंशाला, कारण बाकीच्या वंशांना जमीन वाटून दिली आणि लेव्यांना दिली नाही. त्यांनी निवासमंडपाची सेवा करायची आणि लोकांनी त्यांना पोसायचं. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही, हे बलुतंच आहे. ज्याच्याकडे शेत नाही पण ज्याच्यावाचून गावगाडा चालत नाही, त्याचा वाटा खळ्यावर निघतो. तो उपकार म्हणून दिला जात नाही, त्याचा तो हक्कच असतो.

आता अनुवाद 14 वाचा. दशमांशावरच्या प्रवचनांत हा अध्याय मी फार कमी ऐकलाय, आणि का ते वाचल्यावर कळेल. तिथे म्हटलंय, दशमांश घेऊन परमेश्वर निवडील त्या ठिकाणी जा आणि तिथे घरच्यांसह तो *खा*. वाट लांबची असेल तर माल विकून चांदी करा, तिथे जाऊन गुरं, मेंढरं, द्राक्षारस, जिवाला वाटेल ते घ्या आणि आनंद करा, फक्त गावातल्या लेव्याला विसरू नका. आणि दर तिसऱ्या वर्षी तो सगळा आपल्याच गावात ठेवा, म्हणजे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा येऊन पोटभर जेवतील. यहुदी परंपरेत हे वेगवेगळे दशमांश मानले जातात. पहिला लेव्यांचा, दुसरा यरुशलेमेत खायचा, आणि सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या व सहाव्या वर्षी त्या दुसऱ्याच्या जागी गरिबांचा. सातव्या वर्षी जमीनच पडीक, तेव्हा दशमांशही नाही. हिशेब मांडला तर पहिले दहा आणि उरलेल्या नव्वदाचे नऊ, म्हणजे साधारण 19 टक्के. म्हणून “बायबलमध्ये दहा टक्के लिहिलंय” हे वाक्य कोणी फार ठासून सांगितलं की माझ्यातला बँकवाला जागा होतो.

आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीचा सण होतो. माळव्यात तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं. देपालपूरकडची कुटुंबं पोतं आणतात, शहरातले भोपळा, अंडी, कोंबडी, केक काहीही. मग लिलाव. मागे एक लाल भोपळा, बाजारात 40 रुपयांना मिळाला असता, तो 1,100 ला गेला. घेणाऱ्याने तो तिथेच परत दिला, पुन्हा लिलाव, पुन्हा 900. चौथ्या वेळेला तो भोपळा एका आजींनी उचलून सरळ स्वयंपाकात नेला आणि संध्याकाळी सगळ्यांनी त्याची भाजी खाल्ली. अनुवाद 14 मला त्या दिवशी कळला.

लेवीय 27 मध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. मेंढरं काठीखालून जाऊ द्यायची आणि मोजत जायचं, दहावं येईल ते परमेश्वराचं. चांगलं की रोडकं हे बघायचं नाही, बदलायचं नाही. म्हणजे ज्याच्याकडे नऊच मेंढरं, त्याचं दहावं येतच नाही.

हे मला एका पोहेवाल्याने शिकवलं. छावणीकडे ठेला लावायचा. त्याच्या लिफाफ्यावरचे आकडे नेहमी विचित्र असत, 214, 187, 243. लोक 100 टाकतात, 500 टाकतात, हा एकटाच सुटे मोजून घालायचा. आठवड्याच्या कमाईतून मालाचे पैसे काढायचे आणि उरेल त्याचा दहावा भाग, पेन्सिलीने तारखेसकट लिहिलेला. मार्च 2020 च्या शेवटी इंदूर बंद झालं. चर्च उघडल्यावर तो पहिल्याच रविवारी आला आणि थैलीत एक गठ्ठा टाकला. प्रत्येक बंद रविवारचा एक लिफाफा, वर तारीख, तारखेपुढे शून्य, आत काही नाही. मी विचारलं तर म्हणाला, “अंकलजी, ठेला बंद था तो जीरो ही बना ना.” मी ते सगळे शून्य वहीत ओळीने लिहिले. ऑडिटरने विचारलं हे काय, म्हटलं दान आहे, राहू द्या.

आता शापाचं. तो उपदेश मलाखी संदेष्ट्याच्या 3 ऱ्या अध्यायावरचा असणार. सगळा दशमांश भांडारात आणा, माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही. वचन खरं आहे, पण ते कोणाला आणि कशासाठी सांगितलं? त्याच वाक्यात कारण दिलंय, माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून. आणि मलाखी पहिल्या दोन अध्यायांत झोडपतो ते याजकांना, आंधळी, लंगडी, रोगी जनावरं वेदीवर आणता म्हणून. ज्यांना 3:10 तोंडपाठ आहे त्यांनी 1:8 पण एकदा मोठ्याने वाचावं.

याच्या जोडीला नहेम्या 13 ठेवा, मलाखी साधारण त्याच काळातला मानतात. तिथे लेवी सेवा सोडून शेतावर निघून गेलेत, कारण त्यांचे वाटे कोणी दिले नाहीत. पण त्याच्या थोडंच आधी काय घडलंय? एल्याशीब याजकाने दशमांश साठवायची मोठी खोली आपल्या नात्यातल्या तोबीयाला राहायला देऊन टाकली होती. यहूदाचा सुभेदार नहेम्या येतो, तोबीयाचं सामानसुमान बाहेर फेकतो, खोली शुद्ध करून घेतो, लेव्यांना परत बोलावतो. मग यहूदाचे लोक धान्य, द्राक्षारस, तेल आणतात. आणि तो वाटपावर चार माणसं नेमतो, का तर ती इमानी समजली जात होती. लोक देत नाहीत अशी तक्रार करण्याआधी त्याने कोठार कोणाच्या ताब्यात आहे ते बघितलं. खजिनदार झालो तेव्हा आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी मला हाच अध्याय वाचायला सांगितला होता.

नव्या करारात मंडळीला “दहा टक्के द्या” अशी आज्ञा कुठेच नाही. शुभवर्तमानांत दशमांशाचा उल्लेख मोजून तीनदा येतो (मत्तय 23, लूक 11 आणि लूक 18) आणि तिन्ही वेळा परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या, संदर्भात. पुदिना, शेप, जिरं यांचा दहावा भाग काढता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, असं प्रभू म्हणतो. जिऱ्याचा दशमांश! डब्यातलं चमचाभर जिरं पाटावर घेऊन दहावा दाणा बाजूला सारणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. हे करायचं होतं, पण तेही सोडायचं नव्हतं, असंही तो तिथेच म्हणतो, म्हणून दशमांशाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण पुढे प्रेषित पौल दान मागतो तेव्हा टक्का सांगतच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढावं (1 करिंथ 16), आजच्या भाषेत एसआयपी. मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता, भाग पडतं म्हणून नव्हे (2 करिंथ 9). आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, दान मान्य होतं ते माणसाजवळ जे आहे त्यावरून, जे नाही त्यावरून नव्हे (2 करिंथ 8:12). शापाचा प्रश्न गलती 3:13 ने मिटवलाय. नियमशास्त्राच्या शापातून ख्रिस्ताने सोडवलं असं आपण दर रविवारी मानतो, आणि शुक्रवारी तोच शाप दहा टक्क्यांसाठी परत घरात आणतो.

“हजार द्या, दहा हजार येतील” हे तुमच्या उपदेशकांनी म्हटलंय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. म्हटलं असेल तर बँकेतला माणूस म्हणून सांगतो, इतका व्याजदर सांगणाऱ्याकडे ठेव ठेवू नये.

सक्तीचा दशमांश कसा असतो हे युरोपने पाहून झालंय. 585 मध्ये फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने तो बंधनकारक केला, न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी. 779 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेनने त्याला राजाज्ञेचा जोर दिला. पुढे तो शेतकऱ्याच्या मानेवर असा बसला की 1789 च्या क्रांतीत फ्रान्सने रद्दच केला, आणि इंग्लंडने 1836 मध्ये कायदा करून धान्याऐवजी पैशात बसवला. आपल्या होळकरांच्या इंदुरात तर दहा टक्के म्हटलं की सरदेशमुखी आठवायला हवी, चौथाईवर आणखी दहावा हिस्सा, आणि तो मागायला घोडेस्वार यायचे. देवाला सरदेशमुख करू नका.

मग दशमांश सोडून द्यायचा? मी स्वतः देतो, लग्नाच्या आधीपासून. मला तो बरा वाटतो कारण आकडा ठरलेला असला की महिन्याच्या शेवटी मनाशी घासाघीस राहत नाही. पगार आला की आधी तो बाजूला, मग किराणा. न ठरवता देणारा माणूस बहुतेक वेळा उरलंसुरलं देतो, आणि उरत काही नाही. थैलीत आजही दहाची नोट सर्रास येते, त्याच माणसाने येताना छप्पन दुकानावर 300 चा नाश्ता केलेला असतो. हे मी तोंडावर कोणाला बोलत नाही, इथे बोललो.

आमच्या भागातल्या मंडळ्यांना ही सवय उशिरा लागली, त्याला इतिहास आहे. 1877 मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदुरात काम सुरू केलं, 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार, सगळ्याला समुद्रापलीकडून पैसा यायचा. तो तिथल्या मंडळ्यांनी, विशेषतः बायकांच्या मिशनरी सोसायट्यांनी नाण्यानाण्याने जमवलेला होता, पण इथे पोचेपर्यंत तो “मिशनचा पैसा” झालेला असे. देण्याचा हात तिकडे राहिला, इकडे घेण्याचा तेवढा तयार झाला. मिशनरी गेले, 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी छप्पर गळायला लागलं की “वरून” काही येईल का, असं विचारणारे आमच्या कमिटीत परवापरवापर्यंत होते. मिझोराममध्ये बायका रोज स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ चर्चसाठी बाजूला काढत आल्या, आणि तिथल्या मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. एक मूठ म्हणजे किती टक्के, हे तिथे कोणी काढत बसलं नसेल.

आता तुमचा हिशेब. पूर्ण पगार की हातातला? नियमशास्त्राला पगाराची स्लिप माहीत नव्हती. भविष्यनिर्वाह निधीत कापले जातात ते पैसे तुमचेच आहेत. त्यावर आज द्या किंवा मिळतील तेव्हा द्या, दोनदा नको. पण साडेचारशे रुपयांसाठी घरातल्यांनी तीन रविवार तोंड फिरवून बसावं, याला मी जिऱ्याचा दशमांश म्हणतो.

नवऱ्याच्या दुकानाचं मात्र नीट बघा. गल्ल्यावर नाही, नफ्यावर. मी एका दुकानदाराला गल्ल्याचा दहावा भाग देताना आणि घाऊक व्यापाऱ्याची उधारी थकवताना पाहिलंय. ते दुसऱ्याचे पैसे देवाला देणं झालं.

वडिलांचे 9,000 दशमांशात धरायचे का? माझं उत्तर, धरू नका, पण ते आधी द्या. मार्क 7 मध्ये प्रभू शास्त्री-परूश्यांवर चिडतो तो नेमका यावर, की आईबापांना द्यायचं ते “देवाला अर्पण केलं” म्हणून लोक हात झटकतात आणि धर्म त्यांना पाठीशी घालतो. 1 तीमथ्य 5:8 मध्ये तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट म्हटलंय. ते तुमचं कर्तव्य आहे, दान नाही. त्याला दान म्हटलंत तर उद्या वडिलांना ते जाणवेल. आणि ते दिल्यावर दहा टक्के जमत नसतील तर कमी द्या, अपराधी वाटून न घेता.

41,500 मधून हप्ता आणि वडील गेले की 17,500 राहतात. मी तुमच्या जागी असतो तर महिन्याला 2,000 ठरवले असते, पाच टक्क्यांच्याही किंचित आत. पगाराच्या दिवशीच वेगळे काढायचे आणि वर्षभर आकड्याला हात लावायचा नाही. पगार वाढला की आधी हा आकडा वाढवायचा. आणि हे दोघांनी मिळून ठरवा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक हाती येईल ते वाटून टाकत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना संसार ओढावा लागे, हे आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. आपण टिळकांचं कौतुक करतो, पण चूल लक्ष्मीबाईंची होती.

सगळं मंडळीलाच द्यायचं का? बराचसा भाग तिथेच द्या जिथे तुमचं बारसं, लग्न, मयत होतं. पाळकाचा पगार, विजेचं बिल, संडे स्कूलची पुस्तकं आकाशातून पडत नाहीत. थोडा हिस्सा तुम्ही स्वतः एखाद्या घराला थेट द्या, अनुवादातल्या तिसऱ्या वर्षासारखा. पण मंडळीनेही आपलं देणं द्यायला हवं. गणना 18 मध्ये लेव्यांनीही मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग पुढे काढायचा आहे. आमच्याकडे महिन्याच्या एकूण दानाचा दहावा भाग गरीब फंडात जातो आणि प्रभुभोजनाच्या रविवारचं अर्पण सगळंच्या सगळं. इथल्या एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलमध्ये खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना त्यातून जेवण आणि औषधं दिली जातात, चर्चचे असोत की नसोत.

लिफाफ्यावर नाव लिहायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझी एक चूक सांगायची आहे. खजिनदार झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी उत्साहात दशमांश देणाऱ्यांची महिनावार यादी फळ्यावर लावली. दान वाढलं, मी खूश. चार महिन्यांनी लक्षात आलं, एक कुटुंब येत नाही. कारखाना बंद पडून त्यांची नोकरी गेली होती आणि त्यांच्या नावापुढे सलग तीन रेघा होत्या, माझ्याच हातच्या. यादी त्याच दिवशी काढली. ते कुटुंब दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागलं, आमच्याकडे परत आलं नाही. नाव लिहा, पावती मिळते. पण ते नाव मोजणाऱ्या दोघांपलीकडे जाणार नाही, याची खात्री आधी करून घ्या.

पुढच्या शुक्रवारी शाप पुन्हा निघालाच तर सभेनंतर त्या उपदेशकांना नम्रपणे विचारा, मागच्या वर्षीचा जमाखर्च कधी वाचून दाखवणार? मी दर एप्रिलमध्ये आमच्याकडे वाचतो. वीस मिनिटं लागतात आणि निम्मे लोक मधेच चहाला निघून जातात.